चांदीचं शिक्षण

आमच्या घरात उच्च शिक्षणाचा खरा परिणाम एकाच प्राण्यावर झाला, आणि तो मी नव्हे.

बीटी कपाशी नवी होती तेव्हाची गोष्ट. दुकानदारानं अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शपथेवर सांगितलं होतं की बोंडअळी येणार नाही. अळीला कोणी सांगितलं नसावं, ती आली. जो कापूस हाती लागला तो अण्णांनी भाव चढेपर्यंत साखरखेर्ड्याच्या घरात पुढच्या खोलीत भरून ठेवला.

मी मेहकरला बीएस्सी करत होतो. सरांनी प्रकल्प दिला : वेगवेगळ्या प्राण्यांत बुद्धी कशी उत्क्रांत झाली. घरी येऊन मी एक लाकडी पेटी केली, तिला कडी लावली आणि आत ज्याचा त्याचा खाऊ ठेवला; म्हशी-बकरीसाठी ढेप, म्हणजे सरकीची पेंड. कडी उघडेल तो हुशार.

कोंबडी पेटीवर चढून बसली. (तिथंच अंडं दिलं. आईच्या मते प्रकल्पाचा तेवढाच फायदा.) कुत्र्यानं माझ्याकडे इतक्या केविलवाण्या नजरेनं पाहिलं की मीच कडी काढली. म्हशीनं पेटीवर पाय ठेवला. मी दुसरी पेटी केली.

"ढोरायची अक्कल मोजून काय भेटते तुले?" आईनं विचारलं.

"मार्क."

"तेवढी ढेप म्हशीले घातली असती त दूध भेटलं असतं."

आमच्या चांदी बकरीनं मात्र तोंडानं कडी उचलली, ढेप खाल्ली आणि पुढची पेटी कुठे आहे असं पाहिलं. मी हरखलो. एका कडीवर शिकलेलं दुसऱ्या कडीवर चालतं का, हे पाहायला तिला गोठ्याच्या फाटकापाशी नेलं. चाललं. कापसाच्या खोलीलाही तशीच कडी होती. हे माझ्या लक्षात आलं नाही. चांदीच्या आलं.

कापसाचे व्यापारी सलीमचाचा माल पाहायला आले, तेव्हा आम्ही मागे जेवत होतो. अण्णा त्यांना मोठ्या ऐटीत पुढच्या खोलीकडे घेऊन गेले. दार सताड उघडं. आत गल्लीतल्या झाडून साऱ्या बकऱ्या, आणि ढिगाच्या टोकावर रवंथ करत चांदी. कापूसभर लेंड्या.

चाचांनी मूठभर कापूस उचलून निरखला.

"अण्णा, या व्हरायटीत काळी सरकी कवापासून यायले लागली?"

अण्णा माझ्याकडे वळले. "दार कोनं उघडलं?"

"चांदीनं."

"तिले कोनं शिकवलं?"

आतून आई म्हणाली, "कॉलेजनं."

दिवस मावळेपर्यंत आम्ही सगळे कापसातून लेंड्या वेचत होतो. चाचाही बसले बिचारे. भाव पाडून का होईना, त्यांनी माल घेतला. निघताना त्यांची नजर चांदीवर खिळली.

"अण्णा, बकरी देता का? बडी अक्कलवाली हाये."

"बकरी नाही देत," अण्णा म्हणाले. "हा पोट्टा न्या. वरून ढेपीचं पोतं देतो."

चाचांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हा खाते किती?"

आईनं खरं ते सांगितलं. सौदा मोडला.