पाचवा होकार

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर तोंड उघडलंच नसतं.

जयपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच. माझं आणि रेखाचं. दोघींचे नवरे रेल्वेच्या एकाच ठेकेदाराकडे. माझा तर महिन्यातले वीस दिवस बाहेरच. मुलगी माझ्याशी हिंदीत बोलते. दुपारी रेखा आली की मी बोलायचे — सासू, भाजी, गल्लीतल्या बायकांची टवाळी. ती नसती, तर दिवसच्या दिवस माझ्या तोंडून मराठी शब्द निघाला नसता.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रेखाचा नवरा गेला. ती आणि मुलं आजारी, तेव्हा दारात जेवण ठेवलं ते समोरच्या संतोषजींनी — इकडे संतोष हे बाईचंही नाव असतं. मी फोन करत होते. मला भीती वाटत होती — पण कबुली द्यायचीय ती याची नाही.

बरी झाल्यावर रेखानं ठरवलं, लांब, गोपालपुऱ्यात राहायला खोली घ्यायची आणि कोचिंगच्या मुलांना डबे द्यायचे. हाताला चव होती तिच्या. अडलं होतं फक्त कर्जावर. मी, संतोषजी आणि आणखी तिघी असा आमचा पाच बायकांचा कर्जगट होता. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. म्हणून नवी बाई घ्यायची तर पाचही जणींचा होकार लागे. कंपनीचा माणूस घरी येऊन एकेकीला वेगळं विचारी. कोण काय म्हणालं, ते कुणाला कळत नसे.

चौघींनी हो म्हटलं होतं. माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला चहा दिला. आणि म्हटलं, ‘‘नहीं भैया, मैं इसकी ज़िम्मेदारी नहीं लूँगी.’’

हप्ता बुडेल म्हणून? छे! रेखा उपाशी राहिली असती, पण हप्ता चुकवला नसता — हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मला ती जायला नको होती. रोज दुपारी माझ्याकडे यायला हवी होती. एवढंच.

कर्ज नाकारलं गेलं. ती माझ्याच खांद्यावर रडली. ‘‘ताई, कोनं नाही म्हटलं असन?’’ गप्प बसता आलं नसतं का मला? मी म्हटलं — संतोषजींनी असेल.

रेखा त्या बाईशी पुन्हा बोलली नाही. संतोषजी मला विचारायच्या, माझं काही चुकलं का? मी म्हणायचे, नाही, तिचा स्वभावच तसा झालाय.

दोन महिन्यांत रेखा मुलांना घेऊन अकोल्याला भावाकडे गेली. तिथं भावजयीच्या हाताखाली घरकाम करते. डब्यांचं नाव काढत नाही. आणि मी इथं दुपारी दार लावून बसते. कुणी येत नाही, येण्यासारखं कुणी उरलंही नाही.

दिवाळीला तिचा फोन येतो. गेल्या वेळी म्हणाली, ‘‘जयपुरात माह्यं तुमच्याशिवाय कोनी नव्हतं, ताई.’’

मी ‘‘हो गं’’ म्हटलं, आणि मुलांच्या शाळेचं विचारलं.