माझी साक्ष, तिचा रिपोर्ट

गाठ माझ्या अंगात होती. हे आधी सांगायला हवं, कारण पुढे लोक ही गोष्ट वेगळीच सांगू लागले.

आंघोळ करताना डाव्या बाजूला हाताला लागली. वाटाण्याएवढी. आठवडाभर मी कुणाला बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. मग एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला सांगून टाकलं. आम्ही दोघी वसईच्या, शेजारशेजारच्या गावांतल्या, पण भेटलो ते बहरीनमध्ये, अरादच्या या इमारतीत. ती सुकट भाजत होती आणि त्या वासावर मी तिचं दार वाजवलं होतं. त्यालाही बारा वर्षं होऊन गेली होती. ती एका नर्सरीत लहान मुलांना सांभाळायची. तिचा नवरा तुबलीला गॅरेजमध्ये सुपरवायझर. मी एका खासगी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात.

"दाखव," ती म्हणाली. हात लावून पाहिला आणि म्हणाली, "उद्याच जायचं. मी येते."

माझ्या नवऱ्याची ड्युटी होती, म्हणून तीच आली. नर्सरीतून अर्धा दिवस मागून घेतला. डॉक्टरीण बाईंनी तपासलं आणि मॅमोग्राफी लिहून दिली. काउंटरवरची नर्स केरळची होती. ती हिंदीत म्हणाली, ऑक्टोबर आहे, कॅन्सर-जागृतीचा महिना, या महिन्यात सोबत आलेल्या बाईचीही तपासणी करतो आम्ही. मैत्रीण हसली. "आलेच आहे तर करून घेते. पुन्हा कोण येतंय?" तिला काही होत नव्हतं. तिनं आयुष्यात कधी डोकेदुखीची गोळी घेतली नव्हती. आत जाताना तिनं आपली पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि बाहेर येऊन म्हणाली, "बाय, पोळपाट-लाटण्यात सापडल्यासारखं वाटतं गो!" मी घाबरलेली असूनही हसले.

माझा रिपोर्ट दोन दिवसांत आला. पाण्याची गाठ. काही करायची गरज नाही. तिला मात्र पुन्हा बोलावलं. एका ठिकाणी पांढरं काहीतरी दिसत होतं, तुकडा काढून तपासू म्हणाले. बुधवारी तुकडा काढला. मी सोबत गेले. येताना तिनंच मला धीर दिला, कारण माझाच चेहरा उतरला होता. सगळे म्हणत होते, काही निघायचं नाही. मीही म्हणत होते.

आणि शुक्रवारी मी साक्ष दिली.

आमचा प्रार्थनेचा एक गट होता. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चमध्ये सकाळची मिस्सा झाली की संध्याकाळी आम्ही रिफाला जमायचो, गटाच्या प्रमुख बाईंच्या घरी. त्या मुंबईच्या, नवरा मोठ्या हुद्द्यावर, घर ऐसपैस. वीस-पंचवीस माणसं गालिच्यावर बसायची. गाणी, जपाची माळ, मग ज्याला देवाचा अनुभव आला असेल त्यानं उभं राहून सांगायचं, तीच साक्ष. कुणाचा व्हिसा झालेला असायचा, कुणाच्या मुलाला ॲडमिशन मिळालेली असायची. त्या दिवशी मी उभी राहिले. माझं रडू आवरत नव्हतं. मी म्हटलं, "आठवडाभर मी मरणाच्या भीतीत होते. मी देवाला हाक मारली आणि त्यानं ऐकलं. हे नशीब नाही. आपण ख्रिस्ती माणसं, आपल्याला नशीब नसतं. देवानं माझ्यावर हात ठेवला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात माझ्या मैत्रिणीनं. ती माझ्या शेजारीच बसली होती, मी बसले तेव्हा तिनं माझे डोळे तिच्या ओढणीनं पुसले.

सोमवारी तिचा रिपोर्ट आला.

नशीब नसतं, हे वाक्य मी आधीही पुष्कळदा बोललेले होते. माझ्याबरोबर रेकॉर्ड विभागात एक चाचा आहेत, रत्नागिरीकडचे, तीस वर्षं बहरीनमध्ये. कुणाचंही काही चांगलं-वाईट झालं की ते "नसीब" म्हणून मोकळे होतात. मी त्यांना नेहमी टोकायचे. "चाचा, नसीब कसलं? देवाची कृपा म्हणा." तिचा रिपोर्ट आला त्या आठवड्यात मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी स्कॅनरमधला कागद काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आता कळलं का, मी नसीब का म्हणतो? कृपा म्हटलं की ज्याला मिळाली नाही, त्याला आपण काय तोंड दाखवायचं?"

मला राग आला होता. त्यांचा नव्हे. माझ्याच त्या वाक्याचा.

तिची केमो सुरू झाली. केस गेले. नर्सरीतली मुलं घाबरतील म्हणून तिनंच काम सोडलं. मी ड्युटीवरून आले की तिच्याकडे जायचे, भात टाकायचे, हामूर माशाचं कालवण करायचे. ते तिला वासानंच नकोसं व्हायचं आणि तरी "ठेव, नंतर खाते" म्हणायची. तिची मुलगी अकरावीत होती. मराठी समजायची, उत्तर इंग्रजीत द्यायची, आणि त्या दिवसांत कुठल्याच भाषेत फार बोलत नव्हती.

रिफाच्या बाई भेटायला आल्या. हातात हात घेऊन प्रार्थना केली. मग हळूच विचारलं, "कुणाला क्षमा करायची राहिली आहे का? कधीकधी त्यामुळे कृपा अडते." त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणेन. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण त्या गेल्यावर माझ्या मैत्रिणीनं एक वही घेतली आणि ज्यांच्याशी आयुष्यात भांडण झालं होतं त्यांची यादी केली. वसईला नणंदेला फोन लावला. लग्नातल्या कसल्याशा मानपानावरून अठरा वर्षांपूर्वी दोघींचं बिनसलं होतं. नणंदेला ते आठवतही नव्हतं. ही इकडे रडत माफी मागते आहे आणि ती तिकडून विचारते आहे, "कोणतं भांडण गो? कुठलं?" फोन ठेवून ती म्हणाली, "एक झालं." आणि यादीतल्या पुढच्या माणसाचा नंबर शोधू लागली. मी भांडी घासत होते. मी नळ मोठा सोडला.

यादी संपली. पुढच्या स्कॅनमध्ये दुखणं यकृतापर्यंत गेलेलं दिसलं.

एवढ्या काळात मी तिच्याशी त्या साक्षीबद्दल बोलले नव्हते. शेवटी एका शनिवारी सकाळी बोलले. ती गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती, डोक्याला रुमाल. मी म्हटलं, "मी त्या दिवशी उभं राहायला नको होतं."

"का? खोटं बोललीस का काही?"

"नाही. पण तुझा रिपोर्ट यायचा होता."

तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाली, "बाय, मी तुझ्यावर रागावले नाही. मला फक्त एकच कळत नाही. तू म्हणालीस, देवानं तुझ्यावर हात ठेवला. मी तुझ्या शेजारीच बसले होते ना?"

ती हे भांडायला बोलली नाही. एखादा पत्ता विचारावा तसं विचारलं. मी तिच्या पायांशी बसले आणि तिचे सुजलेले पाय चेपत राहिले.

मी फादरांकडे गेले. ते गोव्याचे, वयस्कर, माझ्याशी हिंदीतच बोलत. चर्चच्या आवारात आम्ही बाकावर बसलो. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "माझी साक्ष खोटी होती का?"

ते म्हणाले, "तू आभार मानलेस, ते खोटं नव्हतं. पण वाचणं म्हणजे देवाची मर्जी आणि न वाचणं म्हणजे अवकृपा, असं प्रभूनं कधी शिकवलं नाही. त्याच्या काळात एक मनोरा कोसळून माणसं मेली, तेव्हा लोकांना वाटलं ते जास्त पापी असतील. त्यानं स्पष्ट नाही म्हटलं."

"मग कृपा म्हणजे काय, फादर?"

"देवदूत प्रभूच्या आईला 'कृपेने भरलेली' म्हणाला, तिच्याकडे बघ. तिला काय मिळालं? गोठ्यात बाळंतपण, परदेशात पळापळ, आणि डोळ्यांसमोर मुलगा क्रुसावर. कृपा म्हणजे संकट टळणं नव्हे. संकटात देव सोबत असणं."

हे खरं होतं. लहानपणापासून रोज माळेवर पन्नास वेळा तिची ती प्रार्थना म्हणूनही माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, "फादर, मग अशी कृपा कोण मागेल?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते बोलले नाहीत, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

ईस्टरनंतर तिनं वसईला जायचं ठरवलं. तिथे तिची आई होती, बहीण होती. नवऱ्याला इथे एवढी लीव्ह मिळणार नव्हती. मुलीला बारावीच्या तोंडावर शाळा सोडून तिच्याबरोबर जावं लागलं. विमानतळावर व्हीलचेअर ढकलायला माणूस आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "यल्ला, चला." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "फ्रीजमध्ये मसाला आहे, खराब होईल, घेऊन जा." तेच तिचं मला शेवटचं समोरासमोरचं बोलणं. पुढे फोनवर बोललो, पण तिचा आवाज बारीक होत गेला आणि नंतर नंतर बहीणच फोन उचलायची.

ऑगस्टमध्ये ती गेली. तिचा नवरा शेवटचे तीन आठवडे इमर्जन्सी लीव्ह घेऊन तिच्याजवळ होता. मी गेले नाही. हॉस्पिटलमध्ये नवीन सिस्टिम बसवत होते आणि त्या महिन्यात कुणालाच लीव्ह नव्हती, हे खरं आहे. मी मागितलीही नाही, हेही खरं आहे. मला तिच्या आईसमोर उभं राहायचं नव्हतं.

अंत्यविधी मोबाईलवर पाहिला. तिथले फादर म्हणाले, तिनं मोठ्या श्रद्धेनं आजार सोसला, शेवटपर्यंत माळ तिच्या हातून सुटली नाही. रिफाच्या गटातही त्या शुक्रवारी हेच सांगितलं गेलं. प्रमुख बाई म्हणाल्या, "बघा, देव ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांना लवकर बोलावतो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आणि काहींना साक्षीसाठी ठेवतो. सांग ना तुझा अनुभव, नवीन लोक आलेत आज." मी उठले, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन गाडीपाशी उभी राहिले. नवरा मागून आला. त्यानं गाडी सुरू केली. त्या घरी मी परत गेले नाही.

मुलगी वसईलाच राहिली, मावशीकडे. मैत्रिणीचा नवरा एकटा परतला. फ्लॅट सोडला आणि तुबलीला गॅरेजजवळ एका खोलीत राहायला गेला. शनिवारी मी त्याला डबा द्यायला जाते. तो पत्र्याच्या केबिनमध्ये बसून जेवतो, मी समोर बसते. पहिले कित्येक महिने आम्ही मुलीच्या परीक्षेपलीकडे काही बोललो नाही.

मागच्या हिवाळ्यात एकदा तोच बोलला. "शेवटच्या दिवसांत ती माळ म्हणत नव्हती."

मी डब्यातली भाकरी त्याच्यापुढे सरकवली.

"गावच्या बायका आल्या की हातात घ्यायची. त्या गेल्या की उशीखाली सरकवायची. मी विचारलं, तर म्हणाली, त्यांना वाईट वाटेल म्हणून धरते. मला म्हणाली, वरती कुणी ऐकत असेल तर मी आजवर जेवढं बोलले तेवढं पुरे." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "तुला सांगू नको म्हणाली होती. म्हणाली, तिला तरी राहू दे तिचा देव."

बाहेर कुणीतरी इंजिन चालू करून बंद करत होतं.

"तू अजून जातेस मिस्सेला?" त्यानं विचारलं.

"जाते."

"काय मागतेस?"

"काही नाही."

त्यानं मान हलवली. "मी तर येतच नाही आता," म्हणाला आणि उरलेलं कालवण पुढ्यात ओढून जेवू लागला. मी त्याला पाणी ओतून दिलं.

मी जाते हे खरं आहे. शुक्रवारी सकाळी, मागच्या बाकावर, दाराजवळ. कम्युनियनला, प्रसादाच्या रांगेत, उभी राहते. मिळालेल्या वरदानांबद्दल आभार मानायची वेळ येते तेव्हा सगळे मिळून बोलतात आणि मी तोंड मिटून घेते. माझ्याकडे आभार नाहीत असं नाही. मी जिवंत आहे, माझी मुलं मोठी होत आहेत, माझी गाठ पाण्याची होती. पण आभाराचा पहिला शब्द उच्चारायचा तर तिच्याकडे पाठ करून उच्चारावा लागेल, आणि ते मी एकदा केलेलं आहे.