गेलेलं पाणी माघारी येतं

बीडच्या बसस्थानकावरून निघाले तेव्हा पिशवीत कडक भाकऱ्या, ठेचा आणि मावशीसाठी शेंगदाण्याचे लाडू होते. मावशीची बदली कोकणातल्या एका जुन्या बंदराच्या गावी झाली आहे. तिथल्या पडक्या वखारी आणि धक्का (बोट लागते ती दगडी जागा) पुन्हा उभा राहतोय, बघून जा, असं ती कधीची म्हणत होती.

सकाळी पोचले, आणि मावशी कामावरून सुटेपर्यंत पिशवी घेऊन धक्क्यावर गेले. समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघायचा होता, पण तो दूर गेलेला. समोर नुसती ओली वाळू. वखारींवर नवी कौलं चढली होती. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या लाटांनी उखडल्या होत्या, तिथे दगड बसवणं चाललं होतं. चपला वाळूत काढून मी जरा बाजूला उभी राहिले.

अनोळखी माणसांशी मी सहसा बोलत नाही. इंग्रजी शाळेत शिकले, माझ्या मराठीला कुणी हसेल अशी धास्ती असते. पण खालून, दगड बसवणाऱ्या एका बाईचा आवाज आला, "टोपलं वर घे गं! मागच्यावानी न्हाई करायचं!"

"तुम्ही बीडकडच्या?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"शिरूर कासारची. इंदू माझं नाव." त्या हसल्या. "पैल्या दिवशी पाणी मागं गेलतं, म्हणून आमी भाकरीचं टोपलं, घमेली, समदं वाळूतच मांडलं. आपल्याकडं गेलेलं पाणी कधी माघारी येतं का? हितं आलं की! समदं घेऊन गेलं."

जाळं निवडणारी एक कोळीण तिथूनच ओरडली, "काय गे, आज तरी दर्याक इचारलंस?"

पाचर ठोकता ठोकता इंदूबाई हळूच म्हणाल्या, "ही पायरी आजच्या भरतीत टिकली, तर मुकादम उन्हाळ्यापतुर काम देणार हाय. न्हाई तर परत ऊसतोड. पोरगी हितल्या शाळंत रमलीय."

दुपारी पाणी चढलं. सगळे वरच्या पायरीवर बसलो. कोळणीने तळलेले बांगडे दिले, मी भाकरी-ठेचा काढला. ठेच्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि काट्याने माझ्या. इंदूबाई जेवल्याच नाहीत. लाट आदळली की त्या तिकडे बघायच्या.

तेवढ्यात मला चपला आठवल्या. एक तर लांब तरंगत होती.

"बीडचीच शोभतेस बग!" इंदूबाई त्या दिवसात पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

संध्याकाळी पाणी उतरलं. शेवाळाच्या दोऱ्या बाजूला करून त्या खालच्या पायरीवर गेल्या, दोन्ही पाय आपटले, मग उडीच मारली. दगड हलला नाही. "घट हाय!" त्यांनी वर बघून हाक दिली, आणि पोरीला बोलवायला त्या अनवाणीच पळाल्या.

परतताना बीडच्या अलीकडे, पालीजवळ, बसमधून बिंदुसरेचं धरण दिसलं. पाणी काठापासून बरंच आत गेलेलं. आटलेलं बघवत नाही म्हणून एरवी मी नजर वळवते, या वेळी बघत राहिले.

शेजारच्या आजींनी माझ्या पायांतल्या नव्या रबरी चपलांकडे पाहिलं. "कुटं गेलतीस गं?"

एरवी 'मावशीकडे' म्हणून गप्प बसले असते. पण स्थानक येईपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं, आणि माझ्या मराठीला त्या एकदाही हसल्या नाहीत. हसल्या त्या फक्त चपलेला.