विहीणबाईंचा बीप

भाईंदरपासून घोडबंदरपर्यंतच्या कुठल्याही शाळेतला राजा असो, राक्षस असो, ससा असो नाहीतर पेरू, आमच्या विहीणबाईंनी मोकळं सोडल्याशिवाय तो स्टेजवर पाऊल टाकू शकत नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई. खारी गावात त्यांचं जुनं घर आहे आणि घरामागे, पूर्वी जिथे भात झोडलं जायचं त्या जागेवर, एक लांबलचक गोडाऊन आहे. त्यात स्नेहसंमेलनांना आणि नाटकांना भाड्याने द्यायचे कपडे भरलेले आहेत. चहूबाजूंनी इमारती उठल्यामुळे तिथे दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो, आणि पहिल्यांदा आत शिरणाऱ्याला अंधारात लोंबणाऱ्या राक्षसांच्या रांगेतूनच जावं लागतं. मुलीचं लग्न ठरवायला गेलो तेव्हा मीही तसाच गेलो होतो. शेवटच्या राक्षसामागून विहीणबाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घाबरू नका, सगळे धुतलेले हायत."

हा धंदा मुळात व्याह्यांचा. घरची मिठागरं गेली, शेती गेली, तेव्हा भाऊबंदांनी रिक्षा घेतल्या, गाळे बांधले. ह्या गृहस्थाने मात्र जरीचे अंगरखे आणि प्लॅस्टिकच्या गदा विकत घेतल्या. त्यांचं गोडाऊन त्यांच्या डोक्यात होतं. नारदाची वीणा कुठे, असं झोपेत विचारलं तरी "डावीकडं, वरच्या फळीवर, हनुमंताच्या मागं" असं उत्तर यायचं. मग ते गेले, आणि त्यांच्याबरोबर ती सगळी फळ्यांची विद्याही गेली. त्या वर्षीच्या संमेलनांत विहीणबाईंनी झाशीची राणी शोधायला जावं आणि हाती परी लागावी, परीसाठी गेलं की मासा. एका शाळेत रावणाला नऊच तोंडं गेली. जावई म्हणाले, "आई, आता बंद करूया दुकान." त्यावर विहीणबाई जे म्हणाल्या ते आमच्या दोन्ही घरांत अजून सांगितलं जातं. त्या म्हणाल्या, "बंद करायचं तरी आधी सगळं सापडायला पायजे ना!"

सगळं सापडावं म्हणून जावयांनी टॅग आणले. ते भिवंडीकडच्या एका मोठ्या गोदामात नोकरी करतात, तिथे खोक्याखोक्याला हे लावलेले असतात. आरएफआयडी असं त्यांचं नाव, पण विहीणबाईंनी पहिल्याच दिवशी ते नाव नापास केलं. दिसायला बोटाएवढी कापडी पट्टी. तिच्यात बॅटरी नाही की दिवा नाही. कपड्याच्या शिवणीत ती शिवून टाकायची आणि पिस्तुलासारखं एक यंत्र तिच्या दिशेने रोखायचं. यंत्र हवेतून हाक मारतं, पट्टी आपला नंबर सांगते, यंत्र बीप करतं आणि पडद्यावर लिहून येतं, 'मोर, निळा, मोठा'. जवळ जावं तसे बीप भराभर वाजू लागतात. गठ्ठा सोडायला नको, पिशवी उघडायला नको. शिवाय गोडाऊनच्या दाराला एक चौकट बसवली, म्हणजे कोण बाहेर गेलं आणि कोण परत आलं ते आपोआप कळतं. जावयांना वाटलं, आठ-पंधरा दिवसांत सगळं सापडेल आणि आई दुकान विकायला मोकळी होईल. सगळं सापडलं खरं. फक्त त्यानंतर आई दुकान विकायचं नावच काढीना.

उलट त्यांना टॅग लावायचा नाद लागला. गोडाऊन संपल्यावर त्या घरात शिरल्या. चष्म्याच्या घराला टॅग, रिमोटला टॅग, छत्र्यांना टॅग. धातूवर पट्टी चिकटवली तर यंत्राला ती दिसत नाही, म्हणून सांडशीला दोरा बांधून त्याच्या टोकाला टॅग. चहा करताना तो दोरा हमखास चहात बुडायचा. माझी मुलगी म्हणाली, "आई, सांडशी ओट्यावरच असते हो." विहीणबाई म्हणाल्या, "आज हाय. उद्याचं कोणी सांगितलं?"

एकदा दिवाळीत त्यांनी मला मानाने शाल पांघरली. तीच शाल घेऊन थंडीत मी त्यांच्याकडे गेलो, गोडाऊनमध्ये बसून पोहे खाल्ले आणि निघालो, तर दाराची चौकट किंचाळायला लागली. समोरचा वाणी दुकानातून बाहेर आला. पडद्यावर लिहून आलं होतं, 'शाल, म्हातारा, गरीब'. म्हणजे मला मिळालेला मान नाटकातल्या कुठल्याशा गरीब म्हाताऱ्याच्या वाट्याचा होता. दुसरी एखादी बाई ओशाळली असती. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "शाल तुमचीच हाय, व्याहीबुवा. मशीनमधून सोडवायची राहिली तेवढी." आणि त्यांनी तिथल्या तिथे मला आणि शालीला सोडवलं.

गावात ह्या यंत्राविषयी नाही नाही त्या समजुती पसरल्या. ते उपग्रहाला जोडलेलं आहे असं एकाचं म्हणणं. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी तर हळूच येऊन विचारलं होतं, "आमचे जावई खरंच ऑफिसला जातात का, तेवढं बघता येईल का?" विहीणबाईंनी त्यांना समजावलं की ह्याला एका खोलीपलीकडचं काही दिसत नाही. "जावई घरातल्या घरात हरवला असेल तर बोलवा, लगेच येते."

न परतलेल्या वस्तूंच्या बाबतीत मात्र त्या कोणाचीही गय करायच्या नाहीत. एका वाघाचं शेपूट आलं नाही म्हणून त्यांनी त्या गुजराती घरी लागोपाठ फोन केले. "बेन, पूरा शेर आया, पूंछ नहीं आया. बिना पूंछ का शेर कौन लेगा?" शेवटी यंत्र घेऊन त्या थेट मीरा रोडला त्यांच्या दारात उभ्या राहिल्या, आणि जवळच राहतो म्हणून मलाही बोलावून घेतलं. दिवाणखान्यात काही वाजेना. आतल्या खोलीच्या दाराशी बीप भराभर वाजू लागले. आत पलंगावर तो बालवाडीतला वाघ गाढ झोपला होता आणि शेपूट त्याच्या मुठीत होतं. विहीणबाईंनी यंत्र बंद केलं. त्या बेनला हातानेच 'राहू दे' केलं आणि बाहेर आल्या. जिन्यात म्हणाल्या, "खराबच झालेलं ते. रद्द करायचंच होतं."

अशा ह्या बाईंचा यंत्रावरचा विश्वास एकदाच डळमळला, आणि तो माझ्यामुळे. आमच्या मीरा रोडच्या ज्येष्ठ नागरिक संघाने एक नाटक बसवलं होतं. त्यात बँकेतून निवृत्त झालेले आमचे अध्यक्ष राजा होते आणि मी प्रधान. महिनाभर आम्ही गुडघे सांभाळत तालमी केल्या होत्या. एका वृद्धाश्रमाला मदत म्हणून प्रवेशिका खपवल्या होत्या, नातेवाईक लांबलांबून येणार होते. कपडे अर्थातच विहीणबाईंचे. व्याह्यांचं नाटक म्हणून त्यांनी आमचा साज नेहमीच्या कापडी पिशवीत न भरता नवऱ्याच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत, घड्यांमध्ये कागद घालून, भरला होता. प्रयोग संध्याकाळी होता. दुपारी टेम्पोवाल्याने पेटी आणून टाकली. अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने ती उघडली आणि आतून सशाचे कान बाहेर काढले. कानांखाली आणखी कान होते, आणि तळाशी गाजरं.

मी फोन लावला. "विहीणबाई, राजाच्या जागी ससे आलेत."

"शक्यच न्हाय. मशीन सांगतं, तुमची पेटी अजून फळीवरच हाय. तुमच्याकडं कुठलीच आली नसणार."

"अहो, माझ्या हातात गाजर आहे!"

त्या फळीशी गेल्या. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "फळी रिकामी हाय हो."

जावयांना विचारल्यावर उलगडा झाला. पत्र्याच्या बंद पेटीत यंत्राची हाक शिरतच नाही. घोडबंदरकडच्या एका शाळेचे ससेही, कान मोडू नयेत म्हणून, तसल्याच दुसऱ्या पेटीत भरलेले होते. दोन्ही पेट्या चौकटीतून बाहेर गेल्या आणि चौकटीला पत्ताच लागला नाही. टेम्पोवाल्याने त्या आपल्याच हाताने उचलून नेल्या होत्या आणि पोचवताना अदलाबदल केली. आमचा राजा शाळेत होता.

मी सशांची पेटी रिक्षात घालून निघालो. तिकडून विहीणबाई यंत्र घेऊन आल्या. शाळेच्या दारात आमची गाठ पडली तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "ह्यांनी एकदा पण चुकीचा माल पाठवला न्हाय," एवढंच म्हणाल्या. शाळा सुटली होती. शिपायाने पेटी दाखवली, पण ती रिकामी. दुसऱ्या दिवशीच्या संमेलनासाठी शाळेच्या बाईंनी आलेले सगळे कपडे वर्गावर्गाच्या गाठोड्यांत बांधून टाकले होते. आमचे, दुसऱ्या दुकानांतले, पालकांनी दिलेले, सगळे एकत्र. गाठोड्यांच्या छातीएवढ्या रांगांनी खोली भरली होती आणि शिपाई दारात आडवा उभा होता.

"मॅडमनी बांधलंय. एक पण सोडायचं नाय. उद्या सगळं उलटसुलट झालं तर माझी नोकरी जाईल."

मी घड्याळाकडे पाहिलं. विहीणबाईंनी पदर खोचला. "सोडत न्हाय रे बाबा. गाठोड्याच्या भायरूनच बघते." आणि त्यांनी यंत्र उचललं. त्या गाठोड्यांमधून सावकाश फिरू लागल्या. पहिली रांग मुकी. दुसरी मुकी. मला वाटलं, संपलं. अध्यक्षांना आता कान लावूनच राज्य करावं लागणार. मग कोपऱ्यातून एक बीप आला. विहीणबाई थबकल्या, वळल्या. बीप भराभर झाले आणि पडद्यावर आलं, 'राजा, अंगरखा, लाल'. "सापडला!" असं त्या एवढ्या जोरात ओरडल्या की शिपायानेच पुढे होऊन गाठोडं सोडलं. त्यापुढे तो आणि त्या अशी जोडीच जमली. त्या बोट दाखवायच्या, तो सोडायचा आणि पुन्हा नीट बांधायचा. सगळ्या खोलीतली मोजकी गाठोडी तेवढी उघडावी लागली. माझी पगडी मात्र कशातच वाजेना. तेव्हा रिक्षात बसल्या बसल्या विहीणबाईंनी एक उपरणं माझ्या डोक्याला गुंडाळून असा काही फेटा बांधला की खड्ड्यांच्या रस्त्यावरही तो ढळला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवून घाई करत होते. विहीणबाई म्हणाल्या, "तुमी जा, मी रिक्षात थांबते. संपलं की पेटी भरून नेते." अध्यक्षांनी ऐकलं नाही. त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. यंत्र ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते त्यांच्या मांडीवर. पडदा वर गेला. राजा डौलात सिंहासनाकडे निघाला, आणि विहीणबाईंचं बोट कळत की नकळत दाबलं गेलं. भर सभागृहात बीप वाजला. अध्यक्ष क्षणभर थांबले, मग गरजले, "प्रधानजी, आमच्या आगमनाची तुतारी आज बारीक का वाजली?" असा हशा आमच्या नाटकात त्यानंतर एकदाही पिकला नाही.

प्रयोग संपला. लोक येऊन भेटून गेले, सभागृह रिकामं झालं, आत मंडळी मिशा सोडवायला लागली. विहीणबाई मात्र खुर्चीतच होत्या. एरवी त्या एव्हाना कपडे मोजून घ्यायला आत आल्या असत्या. दमल्या असतील असं वाटून मी तसाच, प्रधानाच्या वेषात, त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

त्या स्टेजकडे बघत होत्या. तिकडे बघतच म्हणाल्या, "व्याहीबुवा, कपडे अंगात गेल्यावर असे दिसतात होय?"

"म्हणजे? तुम्ही कधी पाहिले नाहीत?"

"कधी बघणार? कार्यक्रम चालू असतो तेव्हा आमी गोडाऊनला. माल परत येतोय का बघत बसायचं. मी तर घडी घातलेलेच बघितलेत. न्हायतर वाळत घातलेले." त्यांनी पदराने यंत्राची काच पुसली. "ह्यांनी पण कधी बघितला न्हाय. एवढा सगळा जमवला माणसाने, पण एक नाटक बघितला न्हाय."

आतून अध्यक्षांनी हाक मारली, कपडे कुठे ठेवायचे म्हणून. "येतो," म्हणून मी बसूनच राहिलो.

"तुमी ते नाटकात पहिल्यांदा आलात ना," विहीणबाई म्हणाल्या, "तिकडून, असे हात मागं बांधून. ते जरा परत चालून दाखवता?"

मी उठलो. फेटा सारखा केला, पायऱ्या चढून विंगेत गेलो, आणि त्या रिकाम्या सभागृहातल्या एकट्या बाईसाठी, हात मागे बांधून, जमेल तेवढ्या डौलात पुन्हा चालत आलो.