धूर थांबला तरी

त्र्याण्णवच्या भूकंपात सास्तूरमधलं घर कोसळलं, आई-बाप गेले, तेव्हा बलभीम पाळण्यात होता. विधवा आत्या मथुराबाईनं त्याला वाढवलं. आयटीआय करून तो बंदरावर इलेक्ट्रिशियन लागला आणि आत्या गावात एकटी उरली.

एकदा तो तिला बंदराजवळच्या खोलीवर घेऊन गेला. धक्क्याला लागलेली जहाजं तेव्हा दिव्यांसाठी, पंपांसाठी दिवसरात्र डिझेल जाळायची. वाळत घातलेल्या लुगड्यावर काजळी बसायची. आत्याचा दमा उसळला. "बाळा, मला गावाकडं सोड," ती म्हणाली. तो सोडून आला. पुढं त्याचं लग्नही जमलं नाही. सुट्टीच्या दिवशी बोलायला कुणी नसलं की तो उगीच धक्क्यावर जाऊन उभा राहायचा.

मग बंदरानं कार्बन कमी करायची नवी मानकं लागू केली. धक्क्याला लागल्यावर जहाजानं इंजिन बंद करायचं आणि किनाऱ्यावरची वीज घ्यायची. केबल जोडायचं काम बलभीमकडं आलं. पहिल्या दिवशी मनगटाएवढी जाड केबल जोडून त्यानं वर खूण केली. थोड्या वेळानं चिमणीतला धूर विरळ होत गेला, थांबला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बलभीमला आत्या आठवली.

वर्षभरात बंदरावरची हवा बरीच निवळली. मग रजा काढून तो गावी आला.

"आत्या, आता चला. पहिल्यासारखा धूर न्हाय. म्याच बंद करतो जहाजं."

मथुराबाई ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"चांगलं काम करतूस. पण तू कामाला गेलास की त्या खोलीत म्या कुणाशी बोलू? तितं दारंबी कुणी उघडत न्हाय."

"संध्याकाळी मी असतो की."

"संध्याकाळपतुर लई वेळ असतोय, बाळा."

तो वेळ त्याच्या ओळखीचा होता.

सकाळी ती त्याला एसटीपर्यंत सोडायला आली.

"जहाजावरची माणसं बोलत्यात का रं तुझ्यासंगं?"

"ती खाली उतरतच न्हाईत, आत्या. वरूनच हात करतात."

"मग तूबी करीत जा."

एसटी आली. खिडकीत बसून त्यानं मागं पाहिलं, तर आत्या पाठमोरी चालू लागली होती. ऊन चढायच्या आत तिला रानात पोचायचं होतं.