धारची जादा गाडी

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, तरच सांगते. नाहीतर आमच्या घरी आजही ‘बस’ हा शब्द काढला की सगळे तोंड लपवून खूं खूं करतात, त्यात तुमची भर नको!

एम.ए. झाल्या झाल्या मला विद्यापीठात मुळे सरांकडे काम मिळालं. प्रोजेक्ट असिस्टंट! कच्ची नोकरी, पण मला केवढं कौतुक. कारण दुसरा रस्ता सरळ धारला जात होता. धारला माझी कमलआत्या. तिचं एकच पालुपद, “संध्याला माझ्याकडे पाठवा, बी.एड. करून टाकते.” करून टाकते! जसं काही लोणचंच घालायचंय. आत्यासमोर मी शिंकतेसुद्धा परवानगी घेऊन. तेव्हा सरांचा प्रोजेक्ट टिकला तर मी उज्जैनला, आमच्या फ्रीगंजातल्या घरी, नाहीतर धार. एवढा सरळ हिशोब.

दिवस कसे होते, आठवतंय ना? घरोघरी केबल येत होती, चौकाचौकात एसटीडी बूथ, आणि सरकारला नवीनच सुचलं होतं की जिथे मागणी असेल तिथेच पैसा घालायचा. मागणी आहे की नाही हे कोण सांगणार? विद्यापीठ! भोपाळहून सरांना विचारणा झाली: संध्याकाळच्या कोणत्या मार्गावर जादा गाडी हवी? सर मला म्हणाले, “नानाखेड्याच्या बसस्टँडवर उभ्या राहा आणि गाडीसाठी थांबलेली माणसं मोजा. बस्स.”

बस्स म्हणे! मला साधा प्रेशर कुकर दचकवतो हो. मी स्टँडवर उभी राहणार? मी रस्त्याच्या पलीकडे, उसाच्या रसाच्या गाडीआडून मोजायची. त्या चरकाचे घुंगरू वाजले की पुन्हा पहिल्यापासून. आणि आमच्या घरचा कायदा असा की दिवे लागायच्या आत मुलगी घरात. धारची गाडी सुटायची अंधार पडल्यावर. म्हणजे मी थांबलेली गर्दी मोजायची आणि गाडी येण्याआधी टेम्पो धरून घरी. रोज. एकदाही ती गाडी सुटताना पाहिली नाही!

इथेच सगळी गडबड झाली, पण तेव्हा कुठे ठाऊक होतं?

धारच्या गाडीला ही गर्दी! बाकीच्या मार्गांना तिच्या निम्मीसुद्धा नाही. मी छान आलेख काढून दिला. सर खूश. अहवाल भोपाळला गेला आणि, देवाशपथ सांगते, मंजूर झाला! सरांच्या आयुष्यात पहिल्यांदा शासनानं त्यांचं काही वाचलं होतं. त्यांनी सगळ्या डिपार्टमेंटला कचोरी खिलवली.

त्याच आठवड्यात कमलआत्या चार दिवस राहून धारला परत निघाली. तिला सोडायला आम्ही नानाखेड्याला गेलो. सगळे बरोबर म्हणून मलाही अंधारात परवानगी. सगळे म्हणजे कोण? बाबा, खिडकीच्या सीटवर रुमाल टाकायला. काका, कंडक्टरला “जरा लक्ष ठेवजो भैया” सांगायला. आई, हातावर दही द्यायला. काकू, आईला सोबत म्हणून. शेजारच्या शर्माभाभी, घरी करमत नाही म्हणून. आणि शर्माभाभींच्या सासूबाई, त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून!

गाडी आली. गर्दी धावली. पाहते तर काय, प्रत्येक घोळक्यातून एकेक जीव आत गेला आणि बाकीचे खाली उभे. “पहुंचते ही फोन करना!” “पाणी पिऊन घे गं!” गाडी हलली, सगळ्यांनी हात हलवले आणि घरी निघाले.

अहो, मी उज्जैनची! माणूस सोडायला सगळं घर जातं हे मला माहीत नको?

दुसऱ्या दिवशी धावतच सरांकडे गेले.

“सर, ते प्रवासी नव्हते.”

“मग कोण होते?”

“सोडायला आलेले.”

“सगळे?”

“बहुतेक सगळे, सर.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “अहवाल भोपाळला गेला?”

“हो, सर.”

“मंजूर झाला?”

“हो.”

“मग ते प्रवासी आहेत.”

डोकं आपटावं तर भिंतही विद्यापीठाची!

घरी सांगितलं तर बाबांची छाती फुगली. “म्हणजे ही सोडायला जाणारी माणसं शासनाच्या धोरणात? वा!” त्यांनी गल्लीभर सांगितलं. झालं! उद्घाटनाला अख्खी गल्ली नानाखेड्याला हजर.

भोपाळचे साहेब आले. हार, नारळ, फोटोवाला, सगळं आलं. गर्दी बघून साहेब गहिवरले. “देखिए मुळे जी, इसे कहते हैं डिमांड! रिसर्च सड़क पर आनी चाहिए.”

मी म्हटलं, आता सड़कवर मीच येणार आहे!

कारण ज्यांना खरंच धारला जायचं होतं ते नेहमीच्या गाडीनं आधीच निघून गेले होते. जादा गाडीचं दार उघडलं. कोणी चढेना. साहेबांची झेंडी वर, फोटोवाल्याचा एक डोळा बंद, गाडीत ड्रायव्हर आणि कंडक्टर.

सर माझ्या कानाशी आले. “संध्याबाई, चढा.”

“मी?”

“चढा म्हणतो ना!”

आणि ड्रायव्हरनं तो हॉर्न मारला. मी अशी दचकले की एका उडीत गाडीच्या आत! टाळ्या! झेंडी खाली, गाडी सुरू. “पहली सवारी का टिकट माफ!” साहेब ओरडले. खिडकीतून बघते तर बाबा, आई, काका, काकू, शर्माभाभी आणि त्यांच्या सासूबाई ओळीनं उभे, हात हलवतायत! कोणी थांबवेल की नाही? आई तर पदरानं डोळे टिपत होती.

“बेनजी, कां जाना है?” कंडक्टरनं विचारलं.

“कुठेच नाही हो!”

“तो बैठो आराम से. ये तो सीधी धार जाके ही रुकेगी.”

बाबांनी तिथल्याच बूथवरून आत्याला फोन लावला होता. धारला उतरले तर आत्या समोर उभी. आनंदानं नुसती फुलली होती. “मला ठाऊकच होतं, तू आपणहून येशील!”

महिन्याभरात ती गाडी बंद पडली आणि तिच्यापाठोपाठ सरांचा प्रोजेक्टही.

विद्यापीठातल्या संशोधनानं शासनाचं धोरण ठरतं का, असं मला अजून लोक विचारतात. शासनाचं मला माहीत नाही. माझं ठरलं. बी.एड., धार, फर्स्ट क्लास!