खांद्यात दिलेली सुई

माझं लग्न होऊन मी अकोल्यात आले, तेव्हा माझ्या नवऱ्याचं पेंटर म्हणून चांगलं नाव झालेलं होतं. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रकांची मागची फळी, सगळीकडे ह्यांचं अक्षर. कापसाच्या दिवसांत सरकी काढायच्या जिनिंग गिरणीकडून तंतू उडत यायचे आणि ओल्या रंगावर बसायचे. हे ब्रशच्या टोकानं एकेक तंतू उचलून घ्यायचे, आणि मी कामधाम सोडून बघत राहायचे. किती वेळ गेला ते कळायचंच नाही.

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. वस्तीनं स्वतः विटा वाहून एक लहानसा विहार बांधला. त्याच्या दर्शनी भिंतीवर नाव लिहायचं काम ह्यांच्याकडे आलं. वस्तीतले एक म्हातारे काका सांगायला आले होते.

"दुसऱ्या कोनाचा हात नाई लागला पायजे त्या भिंतीले."

"नाई लागनार, काका," हे म्हणाले.

त्याच थंडीत ह्यांचा उजवा खांदा आखडला. आधी नुसता ठणकायचा, मग हात छातीच्या वर जाईनासा झाला. सदरा मी घालून द्यायचे. शिडी कितीही चढली तरी भिंतीवर लिहायला कोपर खांद्याच्या उंचीला यायला लागतं, आणि ते येत नव्हतं. धारणीच्या बसवर ड्रायव्हर असलेल्या माझ्या भावानं मोहाचं तेल आणून दिलं. महिनाभर मी ते चोळलं. घरभर त्याचा वास राहिला, आणि दुखणंही राहिलं.

मग कळलं, अमरावतीला एक डॉक्टर सांध्यातच सुई देतात.

"सांध्यात?" हे म्हणाले. "दंडात घेताना मले घेरी येते."

"मी हाय ना संगं. तुमी डोये मिटून घ्या."

सकाळच्या गाडीनं निघालो. मूर्तिजापूर गेलं, बडनेऱ्याला गाडी बदलली. डॉक्टर मृदू बोलणारे होते. त्यांनी ह्यांचा हात हळूच वर उचलून पाहिला, जिथे अडला तिथे थांबले. स्पिरिटच्या शेगडीवर काचेची सिरिंज उकळत होती. औषध दुधासारखं पांढरं होतं. ते नवीन निघालंय, सांध्याची आतली सूज उतरवतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. ह्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हातानं माझं मनगट धरलं. सुई आत जाताना त्यांची बोटं एकदाच आवळली, मग सैल झाली.

"आज जास्त दुखेल, घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "आठ दिवस ओझं उचलायचं नाही. मग रोज भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची. मुंगी चढते तशी."

परतीच्या गाडीत हे माझ्या खांद्याला टेकून झोपले. बाहेर काळी जमीन, पिवळं ऊन आणि वेचणीला आलेला पांढरा कापूस. सगळं इतकं सावकाश मागे जात होतं, की गाडी उभी आहे आणि शेतंच कुठेतरी निघाली आहेत असं वाटत होतं. मलाही गुंगी आली. अकोला आलं तेव्हा समोरच्या बाईंनी आम्हाला हलवून उठवलं.

चार दिवसांनी ठणका गेला. आठ दिवसांनी हे घरातल्या भिंतीसमोर उभे राहिले. बोटं गेरूत बुडवून चढवत नेत, जिथे हात थांबेल तिथे ठिपका. रोज सकाळी ठिपका अर्धं बोट वर सरकायचा. ज्या दिवशी तो माझ्या डोक्याच्या वर गेला, त्या दिवशी आम्ही दोघंही उगाचच हसत सुटलो.

दोन महिने हात चांगला चालला. ह्यांनी विहाराच्या भिंतीवर अक्षरांच्या रेषा आखल्या, पहिली दोन अक्षरं निळ्या रंगानं भरली. आणि पुन्हा खांदा धरला. पुन्हा अमरावती, पुन्हा सुई. ह्या वेळी आराम जेमतेम पंधरा दिवस पडला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी सिरिंज उकळायला ठेवलीच नाही.

"पुन्हा पुन्हा दिलं तर सांधा आतून खराब होईल. मी देणार नाही. व्यायाम करा आणि वाट पाहा. असा खांदा पुढे आपल्या मनानंच सुटतो."

"किती दिवस?"

"ते मलाही सांगता येत नाही."

बडनेऱ्याच्या फलाटावर हे स्टेशनच्या पाटीवरची अक्षरं निरखत होते. मग म्हणाले, "तू चढशील का शिडीवर?"

"मी? मले कुठं येते?"

"रेषा आखल्या हायेत. रंग रेषेच्या बाहेर जाऊ द्याचा नाई, इतकंच."

दुसऱ्या दिवशी मी लुगड्याचा पदर खोचून शिडीवर चढले. खाली हे शिडी धरून. वस्तीतल्या बाया कामावर जाताना थांबून बघत होत्या. पहिला तास मी ब्रशच्या प्रत्येक फटकाऱ्यानंतर खाली ह्यांच्याकडे बघत होते. मग कसं कोण जाणे, सगळे आवाज दूर गेले; समोर नुसता निळा रंग आणि त्याची कड. काका येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील.

"दुसऱ्या कोनाचा हात नको म्हनलं होतं ना, काका," हेच आधी म्हणाले.

काकांनी वर पाहिलं. "हा दुसरा कावून होईल बाप्पा?" एवढंच म्हणून ते सावलीत जाऊन बसले आणि काम संपेपर्यंत उठले नाहीत.

पुढची दोन वर्षं उंचावरची अक्षरं मी भरत होते. हे भिंत चढायचा व्यायाम करत राहिले, कधी चिडून सोडायचे, पुन्हा धरायचे. डॉक्टर म्हणाले होते तसा खांदा आपल्या मनानंच सुटला, पण नेमका कधी ते आम्हाला कळलं नाही. एका सकाळी मी भाकऱ्या थापत होते. ह्यांनी बोलता बोलता उजवा हात उंच करून आढ्याजवळचं कोळिष्टक काढलं, आणि बोलत राहिले. त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी तव्यावरची भाकर उलटवली.